बोअरमधली तार : पाणी आत, क्षार बाहेर

एका लिटर पाण्यात २००० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) ही शेवटची मर्यादा आहे, तीही दुसरा स्रोत नसेल तरच. चांगल्या पाण्यासाठी आकडा आहे ५००. शेतातल्या बोअरला अर्थातच कोणी मानक लावत नाही. पाणी लागलं हेच पुष्कळ.

आता दुसरा आकडा. त्याच २००० च्या पाण्यात बुडालेल्या तारेवर एक मिलिमीटर जाडीचं, अखंड, स्वच्छ पॉलिथिलीन असेल, तर त्यातून तांब्यापर्यंत पोचणारे क्षार : हिशोबापुरते शून्य. आणि त्याच प्लास्टिकमधून पोचणारं पाणी? शून्य नाही. ते रोज जातं, नव्या तारेतूनही जातं, आयएसआय शिक्क्याच्या तारेतूनही जातं.

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात, जिथे वर काळी जमीन आणि खाली बेसाल्टचा खडक आहे, तिथे मोटर जळाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘पाणी खारं आहे, वायर खाऊन टाकली.’ या वाक्यातला ‘खारं’ हा शब्द चुकीच्या जागी बसलाय असं मला वाटतं, आणि तो चुकीच्या जागी बसल्यामुळे पैसाही चुकीच्या जागी खर्च होतो. म्हणून हा हिशोब मांडतो. आकडे पाठ्यपुस्तकात मिळणारे आहेत, बोअर मात्र मानलेलं आहे : ३०० फूट खोल, मोटर २६० फुटांवर म्हणजे साधारण ८० मीटरवर, मोटरीच्या वर ५० मीटर पाणी उभं, थ्री फेज ४१५ व्होल्ट.

सुरुवात घरातल्या पिशवीपासून करू. पावसाळ्यात चिवडा पातळ पिशवीत बांधून ठेवला तरी आठवड्याभरात मऊ पडतो. पिशवीला भोक नसतं. पाणी प्लास्टिकमधूनच आत येतं. २५ मायक्रॉन जाडीच्या साध्या पॉलिथिलीनच्या एका चौरस मीटरमधून, ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना, दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम वाफ आरपार जाते. जाडी ४० पट केली, म्हणजे एक मिलिमीटर, तर हे प्रमाण ४० पट घटून अर्ध्या ग्रॅमच्या आत येतं.

आता ८० मीटर केबल घ्या. तीन कोअर, प्रत्येकाचा व्यास चार मिलिमीटर धरला तर तिन्हींचा मिळून पृष्ठभाग भरतो तीन चौरस मीटर. बोअरचं पाणी ३८ अंशांइतकं तापलेलं नसतं, म्हणून आकडा निम्म्याहून खाली आणू. तरी दिवसाला जवळपास अर्धा ग्रॅम पाणी प्लास्टिक ओलांडून तांब्याकडे जायला तयार असतं. आतली हवा कायम कोरडी राहिली असती तर शंभर दिवसांत ५० ग्रॅम, म्हणजे अर्धा कप चहा. प्रत्यक्षात तेवढं जमत नाही, कारण आतली जागा ओलसर झाली की आत-बाहेरचा फरक संपतो आणि जा-ये बरोबरीत येते. शिवाय सबमर्सिबलच्या केबलवर पॉलिथिलीन नसून बहुधा मऊ पीव्हीसी असतं आणि ते पाण्याला अधिक मोकळं आहे. किलोभर पॉलिथिलीन पाण्यात भिजवलं तर ते जेमतेम ०.१ ग्रॅम पाणी धरतं. मऊ पीव्हीसी चोवीस तासांतच दीड ते साडेसात ग्रॅम पिऊ शकतं. नायलॉनला पुरेसा वेळ दिला तर तो ९० ते १०० ग्रॅमपर्यंत जातो.

आत जायला वेळ किती लागतो, याचाही अंदाज बांधता येतो. जाडीचा वर्ग करायचा आणि प्लास्टिकमधल्या पाण्याच्या विसरण-गुणांकाच्या सहापटीने भागायचं. हा गुणांक सेकंदाला एक चौरस मीटरच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या आसपास धरला, तर एक मिलिमीटर भिंत ओलांडायला पाण्याला दोन दिवस लागतात. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट, म्हणजे आठ दिवस. तारेला परवडेल तेवढी जाड केली तरी दिवसच मोजायचे आहेत, वर्षं नाहीत. पाण्याला खरोखर अडवतो तो धातू. म्हणूनच उच्च दाबाच्या भूमिगत केबलींवर शिशाचं किंवा ॲल्युमिनियमचं अखंड आवरण असतं, आणि जुन्या टेलिफोन केबलींच्या पोटात चिकट जेली भरलेली असायची. त्या केबली खणून निघाल्या की हाताला लागणारं ते तेलकट द्रव्य अनेकांनी पाहिलेलं आहे. पॉलिथिलीन पाणी थांबवणार नाही हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं. पाण्याला साचायला मोकळी जागाच ठेवायची नाही, हा त्यावरचा उपाय.

‘एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब असतो, तो पाणी वायरीत ढकलतो’ असंही ऐकू येतं. ५० मीटर पाण्याचा दाब म्हणजे हवेच्या दाबाच्या पाचपट. पण अखंड प्लास्टिकमधून पाणी नळातल्या धारेसारखं जात नाही, ते एकेक रेणू सुटा होऊन वाफेसारखं झिरपतं, आणि या झिरपण्यावर पाचपट दाबाचा परिणाम ०.४ टक्क्यांहूनही कमी भरतो. तापमानाचं तसं नाही. पाणी ३० अंशांऐवजी ६० अंशांवर असेल तर प्लास्टिकमधली त्याची चाल साधारण पाच-सहा पट होते. थोडक्यात, २६० फुटांची खोली मोटरीतल्या पाण्यात बुडालेल्या वायंडिंगच्या तारेला घाबरवत नाही, मोटरीचं तापणं घाबरवतं. व्होल्टेज कमी आलं की करंट वाढतो, करंटने तांबं तापतं, आणि तांब्याभोवतीचं प्लास्टिक मऊ आणि मोकळं होतं.

क्षारांचा खरा आणि मोठा गुन्हा इथे आहे, पण तो तारेच्या बाहेर घडतो. बेसाल्ट झिजतो तेव्हा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट उतरतात. घरात पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच गरम मोटरीच्या अंगावर बसतो. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्याने थंड राहते. थर जाड झाला की उष्णता बाहेर पडत नाही, आतलं तापमान चढतं आणि वरचा पाच-सहा पटीचा आकडा लागू होतो. क्षार आत न शिरताही वायंडिंगचं आयुष्य खातात ते असे.

मग क्षार आत का शिरत नाहीत? सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूपेक्षा मोठा आहे म्हणून, असं वाटू शकतं. उलट आहे. उघड्या सोडियम आयनाचा व्यास ०.२ नॅनोमीटर, पाण्याच्या रेणूचा ०.२८. चाळणीचाच प्रश्न असता तर सोडियम आधी गेला असता. अडचण आकाराची नाही, विजेची आहे. सोडियमवर एक धन प्रभार आहे. पाण्यात असताना भोवतीचे पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू त्याच्याकडे वळवून त्याला सांभाळून धरतात. पाण्याचा विद्युत-स्थिरांक ८० च्या आसपास आहे, पॉलिथिलीनचा फक्त २.३. पाण्यातून प्लास्टिकमध्ये पाऊल टाकणं म्हणजे हा सगळा आधार सोडून देणं. त्याची किंमत किती, हे काढायचं सूत्र मॅक्स बॉर्न यांनी १९२० साली दिलं. त्या सूत्रात सोडियमचे आकडे घातले तर उत्तर येतं जवळपास तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आणि २७ अंशांना उष्णतेच्या हालचालीतून कोणत्याही कणाच्या वाट्याला येणारी शिदोरी असते ०.०२६. गरज शिदोरीच्या ११५ पट. इतकी ऊर्जा एखाद्या आयनाला योगायोगाने मिळण्याची शक्यता एकावर पन्नास शून्यांत एक. क्लोराइड आकाराने मोठा, त्यामुळे त्याची गरज कमी, सुमारे ६५ पट. तरी शक्यता एकावर अठ्ठावीस शून्यांत एकच. पीव्हीसीचा स्थिरांक पॉलिथिलीनपेक्षा जास्त आहे. तो पाच धरला तरी सोडियमची गरज पन्नासपटीवर राहते. खरं प्लास्टिक या सूत्रातल्या आदर्श प्लास्टिकइतकं निर्मळ नसतं, त्यात भरण, रंग, मऊपणा देणारं तेल असतं, म्हणून प्रत्यक्ष गळती याहून जास्त असते. पण निकाल बदलत नाही. पाण्याच्या रेणूवर निव्वळ प्रभार नसतो, त्याला ही किंमत द्यावी लागत नाही, म्हणून तो पलीकडे जातो आणि क्षार अलीकडे राहतो. तारेचं अखंड आवरण बोअरचं खारं पाणी गोड करूनच आत घेतं.

याला जोडून आणखी एक आकडा, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००० मिलिग्रॅम क्षारांमुळे पाण्याची आत शिरण्याची ओढ किती कमी होते? क्षार म्हणजे सगळं साधं मीठच धरून, ०.१२ टक्के. समुद्राच्या पाण्याला धरली तरी दोन टक्के. आवरणातून झिरपायच्या बाबतीत माजलगाव धरणाचं पाणी, बोअरचं पाणी आणि रत्नागिरीच्या समुद्राचं पाणी जवळजवळ सारखंच.

फरक पडतो तो भोक असेल तिथे. तिथे दोन्ही पाण्यांचे हिशोब पार वेगळे निघतात.

समजा मोटर सोडताना केबल बोअरच्या केसिंगला घासली आणि आवरणात एक मिलिमीटर लांबीची, केसाएवढी, ०.१ बाय ०.१ मिलिमीटरची आरपार वाट तयार झाली. २००० च्या पाण्याची रोधकता साधारण ३.२ ओहम-मीटर असते. चांगल्या पीव्हीसीची याच्या किमान तीन हजार कोटी पट. त्या वाटेत पाणी भरलं की तिचा रोध होतो ३ लाख २० हजार ओहम. फेज आणि जमीन यांच्यात २४० व्होल्ट असतात, म्हणजे गळणारा करंट पाऊण मिलिअँपिअर आणि त्यातून निघणारी उष्णता ०.१८ वॅट. घरातला लहानात लहान बल्बही याहून कितीतरी मोठा. पण ही उष्णता निघतेय किती पाण्यात, ते पाहा : मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात. उष्णता बाजूला निसटली नाही असं धरलं तर ते पाणी उकळायला एका सायकलीचाही वेळ, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भागही पुरा लागत नाही. उकळतं, वाफ होते, करंट तुटतो, पाणी परत भरतं, पुन्हा उकळतं. दर वेळी भोकाच्या कडा थोड्या वितळतात. ५०० च्या पाण्यात हेच भोक १२ लाख ८० हजार ओहम दाखवतं आणि उष्णता चौथाई निघते. तेवढा काळ ते जास्त तग धरतं. ‘पाणी खारं आहे’ ही तक्रार इथे मात्र शंभर टक्के खरी आहे. फक्त तिच्या आधी एक वाक्य यायला हवं : कुठेतरी भोक होतं.

आवरणाचा रोध मोजणारा मेगर हे भोक दाखवतो का? ४१५ व्होल्टच्या मोटरीसाठी जुना ठोकताळा आहे : जेवढे किलोव्होल्ट अधिक एक, तेवढे मेगओहम तरी हवेत. म्हणजे १.४. खाऱ्या पाण्यातलं भोक ०.३२ दाखवतं, गोड्या पाण्यातलं १.२८. दोन्ही नापास, पण दुसरं इतकं काठावर की ‘चालेल’ म्हणून सोडून दिलं जातं. आणि केबल वर काढून दिवसभर उन्हात पडली की वाट कोरडी होते, मेगर शंभरावर जातो, मोटर ‘चांगली’ ठरून परत खाली जाते आणि आठ दिवसांत पुन्हा वर येते. चेन-कप्पी, चार माणसं, मजुरी, आणि उभ्या पिकाचं हुकलेलं पाणी, सगळं दोनदा. म्हणून मेगर ओल्या केबलवर लावावा, वाळलेल्या केबलवर लावून उपयोग नाही.

भोक नसतानाही क्षारांना आत घेऊन जाणारी एक वाट आहे. ती वीज स्वतः पाडते. १९६९ साली जपानच्या टी. मियाशिता यांनी पाण्यात बुडवलेल्या, पॉलिथिलीन चढवलेल्या तारांचं बिघडणं मांडलं. आवरणात झाडाच्या फांद्यांसारखे पांढुरके पट्टे वाढलेले होते. आज जगभर त्यांना ‘वॉटर ट्री’ म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत जमिनीत गाडलेल्या पॉलिथिलीन केबली अपेक्षेपेक्षा फार लवकर जाऊ लागल्या तेव्हा साऱ्यांनी हा विषय मनावर घेतला. पण त्याची सुरुवात पाण्यात बुडालेल्या तारेतच झाली होती, हे बोअरवाल्या मुलखाने लक्षात ठेवायला हवं. या झाडात लाकूड नसतं. मायक्रोमीटरभर आकाराच्या पाण्याच्या कुप्या आणि त्यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. तुकडा वाळवला की झाड दिसेनासं होतं. मिथिलीन ब्ल्यूने रंगवलं की कायमचं दिसतं.

५० हर्ट्झ म्हणजे वर्षाला सुमारे १५८ कोटी सायकली. प्रत्येक सायकलीत ओरखड्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब विजेने ओढला आणि सोडला जातो, टोकाचं प्लास्टिक थकतं, ऑक्सिडीकरणाने त्याची भिंत पाण्याला जवळ करणारी होते आणि त्या भिंतीच्या आधाराने आयन पुढे सरकतात. बॉर्नच्या सूत्रातली तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टची भिंत चढायची गरज उरत नाही, कारण वाट आता प्लास्टिकची राहिलेली नसते, पाण्याची झालेली असते. अगदी शुद्ध पाण्यात झाड फार हळू वाढतं, थोडं मीठ मिळालं की वेग घेतं. ११ केव्हीच्या केबलीत साधारण साडेतीन मिलिमीटर आवरणावर ६३५० व्होल्ट असतात, म्हणजे मिलिमीटरला १८००. आमच्या मोटरीच्या वायंडिंगच्या तारेवरचं आवरण ०.३ मिलिमीटर धरलं तर २४० व्होल्टला मिलिमीटरमागे ८००. साधी शेतीची मोटर, पण तिच्या तारेवरचा ताण ११ केव्हीच्या केबलीच्या निम्म्याच्या जवळ. रिवायंडिंग करताना खाचेच्या कडेला लागलेला एक ओरखडा हा ताण त्या जागी कितीतरी पटींनी वाढवतो. म्हणून तार भरणाऱ्या कारागिराचा हलका हात हा या सगळ्या हिशोबातला एक मोठा आकडा आहे, जरी तो मोजता येत नसला तरी.

सौर पंपांचा उल्लेख इथे करायलाच हवा. ज्या सौर पंपांत कंट्रोलर पॅनलच्या डीसीची एसी करून मोटरीला देतो, तिथे ती वीज सेकंदाला हजारो तुकड्यांनी बनते. वारंवारिता वाढली की झाडं वेगाने वाढतात. प्रयोगशाळेत वेळ वाचवायला चाचणी मुद्दाम १००० हर्ट्झच्या पुढे घेतात ती याच कारणाने. त्यातच केबल लांब असली तर मोटरीच्या टोकाशी प्रत्येक तुकड्याचं व्होल्टेज परावर्तनाने दुपटीपर्यंत उडी घेऊ शकतं. मराठवाड्यात असे पंप आता शिवाराशिवारात उभे राहताहेत. त्यांच्या केबलीचं आवरण निवडताना ५० हर्ट्झच्या सवयीने निवडू नये.

आता सांध्याकडे येतो, कारण माझ्या मते निम्मी लढाई तिथेच हरली जाते. मोटरीची वायर आणि खालची केबल यांचा जोड बोअरच्या काठावर, एप्रिलच्या उन्हात, घामाने निथळणारे हात बांधतात. एक लिटर घामात साधारण दोन ग्रॅम मीठ धरा. एका थेंबात ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे दोन कण. हा थेंब टेपखाली वाळून राहिला. जहाजाच्या टाकीला रंग द्यायच्या आधी पत्र्यावर मीठ किती चालेल, याचा आंतरराष्ट्रीय निकष आहे चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. २० सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद पट्टीला तो लावला तर ०.३ मिलिग्रॅम. तीन थेंबांहून जास्त घाम, आणि जहाजाच्या रंगाने ती जागा नाकारली असती.

टेपखालचं ते कोरडं मीठ काय करतं? मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटून विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते ती यामुळेच. टेपमधून झिरपलेलं पाणी मिठाला मिळालं की त्याचा संपृक्त पाक होतो, आणि बाहेरचं जवळजवळ गोडं पाणी त्या पाकाकडे ज्या जोराने ओढलं जातं तो हवेच्या दाबाच्या ४०० पट भरतो. साधं पॉलिथिलीन शंभरच्या आसपास कायमचं ताणलं जातं. हा दाब पाक पातळ होईल तसा उतरतो, पण तोवर टेपचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात. फुगा कुठे थांबेल? आतलं पाणी बाहेरच्याइतकं पातळ होईल तिथे. बाहेर २००० असेल तर तो थेंब पुन्हा थेंबाएवढा होऊन थांबतो. बाहेर ५०० असेल तर चार थेंबांएवढा झाल्यावर. म्हणजे गोड्या पाण्याच्या बोअरमध्ये घामाचा सांधा जास्त फुगतो. खारं पाणी नसताना मोटर का गेली, या प्रश्नाला हे एक उत्तर आहे.

उपायाला फार पैसे लागत नाहीत. हात आणि केबल गोड्या पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसणं, सावलीत जोड करणं, टेपचं वेटोळं ताणून आणि निम्मं-निम्मं एकमेकांवर चढवत बांधणं. आणि सोडायच्या आधी तो जोड मूठभर मीठ टाकलेल्या पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवून मेगर लावणं. भोक असेल तर मीठ ते लगेच सांगतं, कारण भोकाची वाट आयनांना मोकळी असते. घामाचा डाग मात्र बादली सांगू शकत नाही. दीड मिलिमीटर टेपला वरचाच विसरण-गुणांक लावला तर पाणी पलीकडे पोचायला चार दिवस लागतात, आणि चौथ्या दिवशी मोटर २६० फुटांवर चालू असते.